शिआन: एकाच दिवसात काय पाहावं, काय सोडावं?

रानजाई
ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. रात्री चीनमधल्या शिआनला पोचणार, मधला एक दिवस पूर्ण हातात, तिसऱ्या दिवशी सकाळी चेंगदूची गाडी. चौघं जण. सासू-सासरे पासष्टीच्या पुढचे, गुडघ्यांची कुरकुर आहे, आणि दोघंही अंडंसुद्धा खात नाहीत. हॉटेल घंटा मनोऱ्याजवळ.
एका टूरवाल्यानं दिलेल्या कागदावर एका दिवसात सात ठिकाणं आहेत: मातीचे सैनिक, ह्वाचिंग राजवाडा, तटबंदी, घंटा मनोरा, मशीद, मोठा हंस पॅगोडा, रात्रीची रोषणाई. हे जमतं का? नसेल तर काय गाळू? "सगळंच बघण्यासारखं आहे" हे उत्तर नको, ते कागदावर आहेच.

पायपीट
सात नाही. दोन, फार तर अडीच.
हिशोब असा. मातीच्या सैनिकांचं, म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेल्या पुतळ्यांच्या सेनेचं, संग्रहालय लिंतोंगला, शहराच्या पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर. घंटा मनोऱ्यापासून मेट्रोनं: लाइन २ नं उत्तरेकडे एक स्टेशन, पेइताच्येला लाइन १ धरून पूर्वेच्या टोकाला फांगझ्रछंग, तिथून लाइन ९ नं ह्वाचिंगछ्र, बाहेर पडून ६१३ नंबरची बस. सगळं मिळून दीड तास धरा, गर्दीत पावणेदोन. आत तीन तास किमान. परत दीड तास. सकाळी साडेसातला निघालात तरी दुपारी दोन-अडीचला हॉटेलवर. उरला दिवस एकाच ठिकाणाचा.
ह्वाचिंग राजवाडा वाटेतच आहे म्हणून टूरवाले तो जोडतात. गाळा. गरम पाण्याचे कुंड आणि तांग काळाच्या (सातवं ते दहावं शतक) नावावर नव्यानं बांधलेल्या इमारती. १९३६ च्या डिसेंबरात चीनच्या तेव्हाच्या सत्ताधीशाला, च्यांग काय-शेकला, त्याच्याच सेनापतींनी इथे धरलं, त्यात रस असेल तरच जा. तिकीट मात्र सैनिकांइतकंच जड आहे.

तटावरचा
वर दिलेला हिशोब बरोबर आहे, पण मी उलटं म्हणेन. गुडघे दुखणारे असतील तर सैनिकच गाळा आणि दिवसभर शहरात राहा. तट, मशीद आणि पॅगोडा या तिन्ही गोष्टी लाइन २ आणि लाइन ३ वर बसतात. प्रवासात जाणारे तीन तास वाचतात.

शेंगदाणा
शिआनला जाऊन सैनिक न बघता यायचं? घरी परतल्यावर चारचौघांत काय सांगणार मग?

पायपीट
शेंगदाणा, चारचौघांसाठी सहल काढायची असेल तर प्रश्नच मिटला. :)
रानजाई, दोन्ही बाजू मांडतो, ठरवा तुम्ही. सैनिक निवडलेत तर हे लक्षात घ्या:
तिकीट १२० युआन, पासपोर्ट नंबर घालून आधी ऑनलाइन आरक्षण. दारात तोच पासपोर्ट लागतो, फोटो चालत नाही. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसंच, आडनाव आणि नाव यांच्या क्रमासकट. आपल्याकडच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असला की नाव कोणत्या खान्यात घालायचं यावर अर्ज अडतो. अशा वेळी हॉटेलच्या काउंटरवरून आरक्षण करून घेतलेलं बरं.
त्याच तिकिटात लीशान बागेचा भाग येतो. सम्राटाच्या थडग्याचा डोंगर तिकडे आहे, आणि १९८० मध्ये सापडलेले काशाचे दोन रथ आता तिकडच्या वेगळ्या इमारतीत आहेत. दोन्ही ठिकाणांमध्ये फुकट बस फिरते. रथ बघायचे तर एक तास जादा मोजा. माझ्या मते ते बघावेतच. काम इतकं बारीक आहे की खड्ड्यातले सैनिक त्यापुढे ठोकळेबाज वाटायला लागतात.
सैनिक तीन खड्ड्यांत आहेत, बघायचा क्रम ३, २, १ असा ठेवा. तिसरा लहान, जेमतेम पाचशे चौरस मीटर, सेनेचं ठाणं. दुसरा बराचसा न उकरलेला, पण त्याच्या दालनात काचपेटीतले सुटे सैनिक आहेत. गुडघा टेकलेल्या धनुर्धराच्या बुटाच्या तळव्यावरचे टाकेसुद्धा दिसतात. पहिला खड्डा शेवटी: २३० मीटर लांब, ६२ मीटर रुंद. आधी पहिला पाहिला तर बाकीचे दोन फिके पडतात आणि लोक ते धावत उरकतात.
पहिल्या खड्ड्याच्या दर्शनी कठड्यापाशी पाच-सहा रांगांची रेटारेटी असते. तिथे अडकू नका. उजवीकडून किंवा डावीकडून बाजूनं मागे चालत जा. मागच्या टोकाला तुकडे जोडण्याचं काम चालतं. अंगाला पट्ट्या गुंडाळलेले, डोकं नसलेले, नंबर लावलेले सैनिक तिथे उभे असतात. समोरच्या फोटोत हे कधीच येत नाही.

इतिहासाचा_कीडा
रंगाबद्दल एक भर. हे सगळे सैनिक मुळात रंगवलेले होते. मातीवर लाखेचा थर, त्यावर रंग. दोन हजार वर्षं ओल्या मातीत राहिलेली लाख बाहेरच्या कोरड्या हवेत आली की काही मिनिटांत आकसते, तिचे पापुद्रे सुटतात आणि सोबत रंग घेऊन पडतात. १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना पहिले तुकडे मिळाले. त्यानंतरच्या पहिल्या वर्षांत बराच रंग असाच गेला. म्हणून दुसऱ्या खड्ड्याचा मोठा भाग आणि खुद्द सम्राटाचं थडगं अजून उघडलेलं नाही. "अजून का खणत नाहीत" असं वाटलं तर कारण हे.

शांघायकर
फसवणुकीचं सांगून ठेवतो. मेट्रो आणि रेल्वे स्टेशनांबाहेर गळ्यात कार्ड अडकवलेले लोक "सैनिक, सैनिक, थेट बस" म्हणत मागे लागतात. काही बस प्रतिकृतींच्या भलत्याच जागी नेतात, काही आधी जेडच्या दुकानात तासभर बसवतात. कार्ड बघून विश्वास ठेवू नका. बस ६१३, नाहीतर चौघं आहात तर ॲपवरून टॅक्सी. साधारण तासभर, दीडशे युआनच्या आत-बाहेर. माणशी हिशोब केला तर महाग नाही आणि गुडघ्यांना बरं. येताना मात्र संग्रहालयाच्या दाराशी ॲपची गाडी पटकन मिळत नाही, दुकानांची रांग ओलांडून मुख्य रस्त्यावर या.
तिकीट-तपासणीपासून खड्ड्यांपर्यंतही बरंच चालणं आहे. बॅटरीवरची गाडी मिळते, थोडेच पैसे पडतात. ज्येष्ठांसाठी ती घ्याच.

रानजाई
पायपीट, शांघायकर, आभार. तटावरचा, आता तुमचा शहरातला दिवस सविस्तर लिहा. मन तिकडे झुकतंय.

तटावरचा
लिहितो. लांबेल.

सकाळी ८ च्या सुमारास दक्षिण दरवाजा, योंगनिंगमन. घंटा मनोऱ्यापासून लाइन २ नं एकच स्टेशन, चालत पंधरा मिनिटं. तटाचं तिकीट ५४ युआन. १३७० च्या दशकात मिंग काळात बांधलेला तट, घेर १३.७ किलोमीटर, उंची १२ मीटर, वरची फांजी १२ ते १४ मीटर रुंद. दोन ट्रक आरामात शेजारून जातील. आतलं अंग ठोकून बसवलेल्या मातीचं, बाहेरची वीट नंतरची, १५६८ ची.
आत शिरताना घाई करू नका. दक्षिण दरवाजा एक नाही, एकामागे एक आहेत. बाहेरच्या दारातून आत आलात की चारी बाजूंनी तट असलेल्या चौकात अडकता आणि वरून बाण. आपल्या किल्ल्यांच्या गोमुखी दरवाजात जो डाव आहे तोच, फक्त इथे सपाट जमिनीवर असल्यामुळे वळणाऐवजी चौक केलाय. बुरुजांमधलं अंतर मोजून बघा, १२० मीटर. त्या काळच्या बाणाचा नेमका पल्ला साठेक मीटर, त्यामुळे दोन बुरुजांमधली जागा दोन्हीकडून झाकली जाते. असे ९८ बुरूज आहेत.
सायकल तटावरच भाड्यानं मिळते. एकट्याची ४५ युआनच्या आसपास, मुदत तीन तास, दोघांची जोडसायकल दुप्पट. अनामत २०० युआन. परदेशी कार्ड जोडलेल्या ॲपवरून अनामत अडकते असं होतं, तेव्हा दोनशेची रोकड खिशात असू द्या. पूर्ण फेरीला दीड ते दोन तास लागतात. जमीन जुन्या विटांची, मधे खचके. सीटवर बसून हादरे बसतात, पाठीचा त्रास असणाऱ्यांनी सायकलच्या नादी लागू नये. तुमच्या सासू-सासऱ्यांसाठी विजेवरची गाडी आहे, टप्प्याटप्प्यानं चढता-उतरता येतं.
पूर्ण फेरीचा हट्ट नको. सायकल चारही मुख्य दरवाजांपाशी परत करता येते. दक्षिणेकडून निघून पूर्व दरवाजापर्यंत पाव फेरी, तिथे परत. उत्तर बाजू तशी रटाळ आहे, खाली रेल्वे स्टेशन आणि नव्या इमारती. वर सावली औषधालाही नाही, म्हणून सकाळ. पाऊस आला तर सायकली बंद होतात आणि त्या बंद झाल्याचं कुणी ओरडून सांगत नाही, काउंटरवर पाटी लागते एवढंच.

साडेदहाच्या सुमारास खाली उतरून दक्षिण दरवाजाशी परत या आणि त्याच्या आतल्या अंगानं पूर्वेकडे चालत जा. शूयुआनमन नावाची गल्ली, दोन्हीकडे कुंचले, शाई आणि दगडी ठशांची दुकानं. टोकाला शिलालेखांचं संग्रहालय, पेइलिन. बहुतेक टूर याला हात लावत नाहीत, आणि माझ्या मते ही शिआनमधली सगळ्यात कमी लेखलेली जागा आहे. १०८७ पासून दगड जमवतायत. ८३७ मध्ये कन्फ्यूशियसचे ग्रंथ ११४ शिळांवर दोन्ही बाजूंनी कोरून ठेवले, म्हणजे नकलून घेणाऱ्यानं चूक करू नये. ७८१ ची ख्रिस्ती शिळा इथेच आहे, वर क्रूस, खाली चिनी मजकूर आणि कडेला सीरियाक लिपी. चिनी येत नसेल तरी दीड तास जातो. शिळेवर कागद ओला करून चिकटवून शाईच्या गोळ्यानं थोपटत ठसा उतरवताना कुणी दिसलं तर थांबा. कागद जरा जास्त ओला असला की शाई आत झिरपून अक्षराच्या कडा पसरतात, कमी ओला असला की खाचेत बसत नाही. ते लोक बोटानं चाचपून ठरवतात.

मग जेवण आणि विश्रांती. दुपारी तीननंतर ढोल मनोरा. घंटा मनोरा (१३८४) चौकाच्या मधोमध आहे, वर जायला भुयारी मार्ग. १५८२ मध्ये तो अख्खा उचलून पूर्वेला आजच्या जागी आणला. आत जाण्यापेक्षा बाहेरून बघितला तर पुरतो, गुडघेवाल्यांना जिने नकोत. ढोल मनोऱ्याच्या कमानीखालून सरळ गेलात की मुस्लिम वस्ती सुरू.
कमान ओलांडल्यावर लगेच डावीकडे ह्वाच्युए गल्ली, तिच्या आत मोठी मशीद. खाण्याच्या मुख्य रस्त्यावरच्या गर्दीत तिची पाटी हमखास चुकते. तिकीट २५ युआन. घुमट शोधू नका, नाही. परंपरेनं स्थापना ७४२ सालची, आजच्या इमारती मुख्यतः १३९२ पासूनच्या. सगळी मांडणी चिनी मंदिरासारखी, एका चौकातून दुसऱ्या चौकात, पण एक फरक पक्का. चिनी देवळं दक्षिणाभिमुख असतात, ही पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते, कारण मक्का पश्चिमेला. मनोऱ्याच्या जागी अष्टकोनी लाकडी मंडप आहे. प्रार्थनागृहात फक्त मुस्लिमांना प्रवेश, उंबऱ्यावरून पाहता येतं. शुक्रवारी दुपारी टाळा. अंधार पडायच्या आत पोचा, आत दिवे कमी आहेत.

शेंगदाणा
आणि ते शाकाहारी दोघं? मुस्लिम वस्तीत तर सगळीकडे कोकराच्या काड्या.

डबा_गुल
माझा विषय. :)
आधी वाक्यं. "वो च्र सू" म्हणजे शाकाहारी खातो. हे एवढंच बोललात तर वाटीत अंडं किंवा मांसाच्या रस्स्यातल्या भाज्या येऊ शकतात. म्हणून पुढे "बू याओ रौ, बू याओ जीदान", मांस नको, अंडं नको. आपले उच्चार त्यांना कळतीलच असं नाही, तेव्हा चिनी अक्षरांत लिहिलेला मजकूर फोनवर मोठ्या अक्षरात तयार ठेवा. त्यात "मांसाचा रस्सा नको, चरबी नको" हेही घाला.

काय चालतं:
लियांगपी. गव्हाच्या पिठातला चिकट भाग धुऊन काढायचा, राहिलेल्या सत्त्वाचे पातळ पापुद्रे वाफवून कापायचे. थंड, वर काकडी, मोड, लसणाचं पाणी, व्हिनेगर, मिरचीचं तेल. धुऊन काढलेला चिकट भागसुद्धा उकडून स्पंजासारखे तुकडे करून त्यातच टाकतात. मुस्लिम वस्तीत तिळाची चटणी घातलेला प्रकार मिळतो, तो आपल्या जिभेला जास्त मानवतो.
योउपो म्यान. दोन बोटं रुंद, हातभर लांब शेवया. वाडग्यात शेवया, त्यावर मिरचीपूड, मीठ, चिरलेली पात आणि लसूण यांचा ढीग, आणि त्या ढिगावर धूर निघेपर्यंत तापवलेलं तेल. चर्र झालं की लगेच खालपासून वर हलवा. फोटो काढत बसलात तर शेवया एकमेकींना चिकटतात आणि मिरची एकाच घासात येते. व्हिनेगर टेबलावर असतं, सढळ हातानं घाला. ऑर्डर देताना खिमा नको हे सांगायचं.
गोडात झंगकाव: चिकट तांदूळ, खजूरासारखी लाल फळं आणि राजमा थरावर थर लावून रात्रभर वाफवलेला. सकाळी लवकर मिळतो, दुपारी संपतो. पर्सिमन या नारिंगी गोड फळाची तळलेली टिकिया, फळ लिंतोंगचं, आत तीळ किंवा लाल डाळीचं सारण. गरम असताना चावू नका, आतलं सारण जीभ पोळतं.
काय नाही: पाओमो. भाकरी कुस्करून खायची म्हणून शाकाहारी वाटते, पण सगळा जीव कोकराच्या रस्स्यात. मांसाहारींनी मात्र ती स्वतःच्या हातानं कुस्करावी, तुकडे सोयाबीनच्या दाण्याएवढे. मोठे ठेवले तर आतून कोरडे राहतात आणि स्वयंपाकी नाक मुरडतो.
कढई-तवा वेगळा असणं कुठेच गृहीत धरू नका. ते चालत नसेल तर पॅगोड्याच्या परिसरातली बौद्ध शाकाहारी उपाहारगृहं बघा. तिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो.

इतिहासाचा_कीडा
पॅगोडा राहिला. तटावरचा यांच्या यादीत संध्याकाळ मोकळी आहे, तिथे तो बसतो. घंटा मनोऱ्यापासून लाइन २ नं श्याओझाय, तिथे लाइन ३, पुढचंच स्टेशन तायेनथा.
शाळेच्या पुस्तकात भेटलेला युआन श्वांग भारतातून ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन इथे परतला. ते आगीपासून सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ मध्ये हा मनोरा उभा राहिला. सध्या सात मजली, ६४ मीटर. मराठी माणसानं जावं याला खास कारण आहे. ६४० च्या सुमारास तो महाराष्ट्रात होता, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात. इथले लोक उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे, लढाईआधी हत्तींना दारू पाजतात, हर्षवर्धनालाही यांना नमवता आलं नाही, असं त्यानं लिहून ठेवलंय. डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचं, दाराशी दगडी हत्ती असलेलं, वर्णन तो करतो ते अजिंठ्याचं मानलं जातं. ते सगळं टिपून तो ज्या शहरात परतला ते हे.
मनोऱ्याच्या पायथ्याला दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंना ६५३ च्या शिळा जाळीआड आहेत. विजेरी लावून बघा, लोक वर चढायच्या घाईत त्यांना ओलांडून जातात. चढायला वेगळं तिकीट आणि अडीचशेच्या आसपास पायऱ्या. आत ग्रंथ नाहीत, खिडक्या अरुंद. गुडघेवाल्यांनी खालीच बसावं, चुकत काही नाही. शहरानं जमिनीखालचं पाणी उपसल्यामुळे मनोरा झुकला होता, १९९६ मध्ये झुकाव मीटरभराहून जास्त. उपसा थांबवून पाणी परत भरल्यावर तो हळूहळू सावरतोय. उत्तरेच्या चौकातून डोळे बारीक करून पाहिलं तर कलंडलेला कळतो.
पॅगोडा ज्या बौद्ध मंदिरात आहे त्याचं आवार संध्याकाळी बंद होतं, म्हणून आत जायचं तर दुपारी चारच्या आधी. ते जमत नसेल तर बाहेरूनच बघा, दिवे लागल्यावर. कारंजी उत्तरेच्या चौकात, फुकट. दक्षिणेला युआन श्वांगचा पुतळा आणि पुढे रोषणाईचा लांबलचक रस्ता.

तटावरचा
कीडा, मग मशीद आणि पॅगोड्याचं आवार दोन्ही एकाच दुपारी होत नाही. मी मशीद आतून आणि पॅगोडा बाहेरून म्हणेन. रोषणाईच्या रस्त्यावर तांग काळाचे कपडे भाड्यानं घेतलेल्यांची इतकी गर्दी असते की वीस मिनिटं पुरतात.

रानजाई
ठरलं. शहरातला दिवस, सैनिक नाहीत. पैशांचं आणि फोनचं कुणी सांगेल?

शांघायकर
यूपीआय विसरा. निघण्याआधी भारतात असतानाच अलीपे आणि वीचॅट ही पैसे भरायची चिनी ॲप दोन्ही उतरवून कार्ड जोडा, पासपोर्टची पडताळणी पूर्ण करा. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू हवेत. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून ते सिम काढून ठेवू नका. एका वेळी २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा आकार नाही, वर गेलं की पूर्ण रकमेवर ३ टक्के. चौघांचं बिल वेगवेगळं केलं तर वाचतं. रोकड कायद्यानं घ्यावीच लागते, पण सुटे नसतात. दहा-वीसच्या नोटा ठेवा.
फोन: भारतीय सिमवरचं रोमिंग किंवा प्रवासी ई-सिम घेतलं तर व्हॉट्सॲप, गूगल चालतं. हॉटेलच्या वायफायवर नाही, चीनमध्ये ती अडवलेली आहेत. गूगलचा नकाशा मात्र चालला तरी ठिकाण काहीशे मीटर सरकलेलं दाखवतो, गल्लीत शिरल्यावर ते फार जाणवतं. अलीपेमधल्या टॅक्सीच्या नकाशावर भरवसा ठेवा.
मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनवर बॅग तपासणी. टिश्यूचं पाकीट चौघांकडे वेगवेगळं, बऱ्याच सार्वजनिक स्वच्छतागृहांत कागद नसतो आणि बैठक भारतीय असते, गुडघ्यांसाठी हे आधीच कळलेलं बरं. मॉलमध्ये आणि मोठ्या हॉटेलांत कमोड मिळतो.
ट्रान्झिटवर उतरून बघू असा कुणाचा विचार असेल तर: २४० तासांच्या व्हिसामुक्त सवलतीच्या यादीत भारत नाही. व्हिसा काढूनच या.

पायपीट
चेंगदूच्या गाडीचं राहिलं. ती शिआन उत्तर स्टेशनवरून सुटते, तटाजवळच्या जुन्या स्टेशनवरून नव्हे. लाइन २ थेट जाते, अर्धा तास. स्वयंचलित दारं चिनी ओळखपत्रासाठी असतात, काही ठिकाणी पासपोर्ट घेतात, काही ठिकाणी नाही. कडेला माणूस बसलेली रांग असते, तिथे उभं राहा. सुटण्याआधी काही मिनिटं दार बंद होतं आणि मग कितीही विनवलंत तरी उघडत नाही. तासभर आधी पोचा. काडेपेटी किंवा लायटरची मोठी संख्या, फवारणीचे मोठे डबे तपासणीत काढून घेतात. सासूबाईंच्या पिशवीत फळं कापायची सुरी असेल तर ती हॉटेलवरच ठेवा.